जास्तीचा एक बिल्ला

पाटोद्याच्या बसस्टँडमागं आमचं दुकान आहे. रबरी शिक्के, दारावरच्या पाट्या, शिल्ड आणि शाळेच्या स्पर्धांना लागणारी पदकं. 'पदक' हा शब्द फक्त दुकानाच्या बोर्डावर आहे. गिऱ्हाईक म्हणतं बिल्ले, आणि आम्हीही बिल्लेच म्हणतो. पुढच्या खोलीत माझे यजमान नावं कोरायचे, मधल्या खोलीत मी शिलाई मशीनवर बिल्ल्यांच्या फिती शिवायची, आणि त्यामागं आमचं राहतं घर.

ह्यांना एका जागी बसवत नसे. कोरायचं काम मान खाली घालून तासन् तास करायचं, पण हे दर दहा मिनिटांनी उठायचे. दाराशी जायचे, लागलेली गाडी कुठली ते बघायचे, परत यायचे. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, वय वाढलं की बसतील खाली. वय वाढलं, पण उठबस काही कमी झाली नाही.

एकदा शिल्डांचा माल आणायला पुण्याला गेलते. येताना जुन्या बाजारातून एक राखाडी, हलका क्रॉस घेऊन आले. त्याला एक मळकी फीत होती, पण ती आपल्यासारखी गळ्यात घालायची नव्हती. तिचा त्रिकोण घडी करून शिवलेला, टोक खाली, आणि टोकाला क्रॉस लटकलेला.

"हे बघ," ह्यांनी तो माझ्या मशीनवर ठेवला, "अशी घडी तू कधी घातलीयस का?"

मी उलटून बघितलं. मागून बारीक टाके होते, पुढून एक दिसत नव्हता. घातली नव्हती, पण घालता आली असती.

तो क्रॉस कशाचा, हे कळायला कितीतरी महिने गेले. कुणी म्हणालं चर्चचा असेल, कुणी म्हणालं इंग्रजांचा. हे मोबाईलवर चित्रं बघत बसायचे, म्हणजे बघत फिरायचे. अखेर एक दिवस आतल्या खोलीत येऊन म्हणाले, "ऑस्ट्रिया."

"क्रिकेटवाला?"

"तो ऑस्ट्रेलिया. हा दुसरा. युरोपातला. तिथं बादशहा होता."

गावात मात्र शेवटपर्यंत ऑस्ट्रेलियाच चाललं. येणारा-जाणारा विचारायचा, काय म्हणतेत तुमचे ऑस्ट्रेलियाचे बिल्ले? हे चिडून दुरुस्त करायचे. तो क्रॉस पहिल्या महायुद्धातला निघाला. आघाडीवर काही आठवडे काढले की साध्या शिपायालाही तो मिळायचा. लढाईच्या शेवटी चांगला धातू तोफांकडं गेला, म्हणून तो जस्तात केलेला. एवढं समजलं आणि ह्यांना नाद लागला. पुणे, हैदराबाद, कुठं कुठं ओळखी काढल्या. पोस्टानं पुडकी यायला लागली. शिल्डांसोबत येणारे मखमली अस्तराचे चपटे डबे होते, त्यातले तीन हळूहळू भरले.

ह्यांना धातू कळायचा. डोळ्याला भिंग लावून अक्षरांच्या कडा बघायचे आणि सांगायचे, हा ठशाखाली दाबलेला, खरा, आणि हा साच्यात ओतलेला, बघ बारीक भोकं हायेत, नकली. मला फीत कळायची. बहुतेक बिल्ले बिनफितीचेच यायचे. मग हे चित्र दाखवायचे, रंग सांगायचे, आणि मी सॅटिनच्या पट्ट्या जोडून तशी फीत करायची, त्रिकोणी घडी घालायची. शूराला द्यायच्या बिल्ल्याची फीत तांबड्या-पांढऱ्या आडव्या रेघांची असते, शिडीच्या पायऱ्यांसारखी. तिच्यावर माझा अख्खा एक आठवडा गेला. ती बघितली आणि संध्याकाळी हे भेळ घेऊन आले.

एका गोष्टीनं ह्यांना फार छळलं. "जन्मभर मी बिल्ल्यांवर नावंच कोरली," म्हणायचे. "जिंकणाऱ्याचं बारीक, देणाऱ्या पुढाऱ्याचं मोठं. आणि ह्यांच्यावर नावच न्हाई. बादशहाचं हाय, साचा करणाऱ्याचंसुदिक त्याच्या चित्राच्या मानेखाली बारीक हाय. पण छातीवर घातला तो कोण होता? कळायचंच न्हाई." असं म्हणून उठायचे आणि दाराशी जायचे.

त्या वर्षी मार्गशीर्षात माझ्या भाच्याचं लग्न होतं. माझं माहेर उमापूर. मी चार दिवस आधी गेले, हे स्नेहसंमेलनांची कामं असल्यानं दुकानातच राहिले. परत आले तर मशीनवर एक गोल, पिवळट बिल्ला ठेवलेला. काळ्या लोकरीच्या जाड दोरीत ओवलेला होता, मेंढरांचा वास येत होता.

"ह्याला फीत लावायचीय," हे पुढच्या खोलीतून म्हणाले. "रंगाचं सांगतो नंतर."

मला वाटलं, मी चार दिवस नव्हते तेवढ्यात आणखी एक घेतला. जरा रागच आला. विचारलं नाही. कात्रीनं ती दोरी कापली, चिंध्यांच्या टोपलीत टाकली, आणि बिल्ला ह्यांच्या एका डब्यात ठेवून दिला. रंगाचं विचारू म्हणून दोन दिवस राहून गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी हे दुकानात एका शाळेचा बिल्ला कोरत होते. कोरायची सुई खाली पडल्याचा आवाज आला. मी गेले तर हे स्टुलावर वाकडे झाले होते आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं असं बघत होते, जणू तो गिऱ्हाईक विसरून गेलंय.

अंगावरून वारं गेलं होतं. आधी बीडला नेलं, तिथून नगरला. हातपाय महिन्याभरात बरेच परत आले. बोलणं आलं नाही. डॉक्टर म्हणाले, ह्यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत. लिहायला बसवलं तर अक्षरांऐवजी रेघा निघायच्या. एवढ्या सगळ्या भाषेतून ह्यांच्याकडं एक शब्द उरला: न्हाई.

भूक लागलीय का? न्हाई. आणि ताटावर बसायचे. दुखतंय का? न्हाई. आणि हात धरून ठेवायचे. होय म्हणायचं असलं तरी न्हाई, नको म्हणायचं असलं तरी न्हाई. मी सुरावरून ओळखायला शिकले, पण प्रत्येक वेळी जमायचं नाही, आणि जमलं नाही की हे उठून चालायला लागायचे. पुढची खोली, मधली खोली, अंगण, परत पुढची खोली. चपलांचा तो आवाज दिवसभर माझ्या डोक्यात चालायचा. स्वयंपाक करताना माझाच पाय हलायला लागला होता.

घरी आल्यावर आठ दिवसांतच ह्यांनी डब्यांना हात घातला. सकाळी चहा झाला की तिन्ही डबे काढायचे, बिल्ले सतरंजीवर ओतायचे, चिवडायचे, आणि कपाळावर हात मारायचे. "न्हाई. न्हाई!" मग एखादा उचलून माझ्या मशीनवर आणून आपटायचे. मी म्हणायची, बरं बरं, आणि उचलून परत डब्यात ठेवायची. हे परत काढायचे. मी परत ठेवायची. एकदा ह्यांनी माझं मनगट धरलं आणि इतकं दाबलं, की काकणाचा वण उठला. मग स्वतःच घाबरून सोडलं.

मला वाटायचं, ह्यांचं काहीतरी हरवलंय. एखादा बिल्ला दवाखान्याच्या गडबडीत गेला असेल. मी कपाटं उपसली, दुकानाची फळी न् फळी काढली. काही मिळालं नाही. एक दिवस वैतागून मी तिन्ही डबे धान्याच्या कोठीमागं लपवले. ह्यांनी तासभर शोधलं आणि दार उघडून निघून गेले. स्टँडवर, चौकात, बाजारतळावर, कुठं कुठं बघत मी पळत होते. शेवटी तहसीलच्या रस्त्याला सापडले, अनवाणी. घरी आणलं, पाय धुतले आणि डबे काढून पुढ्यात ठेवले.

लेक पुण्याला असते. फोनवर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, बाबांचं हरवलं नसेल काही. त्यांना सांगायचं असेल."

"काय सांगायचंय?"

"ते त्यांच्या बिल्ल्यांच्या भाषेत असणार. तुला ती येते का?"

मी म्हणाले, मला फक्त फिती येतात.

"मग उरलेलं शीक," ती म्हणाली.

बीडला ह्यांना बोलणं शिकवायला एक बाई होत्या, आठवड्याला एकदा आम्ही जायचो. त्यांनीही तेच सांगितलं. चमचा, कप, टेबल असं काहीतरी दाखवून शब्द काढण्यापेक्षा ह्यांच्या जिव्हाळ्याच्या वस्तू घ्या, तुम्ही नाव घ्या, त्यांना ऐकू द्या.

ह्यांची एक लांबट वही होती. प्रत्येक बिल्ल्याला एक पान. पेन्सिलीनं काढलेलं चित्र, पुढची बाजू, मागची बाजू, धातू, फीत, कुठून आणला. काही पानांवर मोठं प्रश्नचिन्ह. चहानंतर डबे निघाले की मी वही घेऊन सतरंजीवर बसायला लागले. एक बिल्ला उचलायचा आणि त्याचं पान शोधायचं.

पहिले काही दिवस फजितीच झाली. मला सगळे बादशहा सारखेच दिसायचे. मग हळूहळू खुणा सापडल्या. एक बादशहा टकला, हनुवटी तुळतुळीत, पण दोन्ही गालांवर भरघोस कल्ले आणि ते मिशांना जोडलेले. त्यानं फार वर्षं राज्य केलं, म्हणून त्याचे बिल्ले जास्त. त्याच्यानंतरचा तरुण, नुसती मिशी, त्याचे थोडे. मी त्यांची नावं कल्लेवाला आणि मिशीवाला अशी ठेवली. अक्षरं लॅटिन, तिच्यात 'यू'च्या जागी 'व्ही' कोरतात, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, ते मी चौथ्या दिवशी वाचलं. तोवर माझं वाचन ऐकून हे तोंड फिरवून बसायचे.

"हा कल्लेवाला, शूराचा, चांदीचा," मी म्हणायची.

"न्हाई." डोळे वटारून.

मी भिंग घ्यायची. कडा बघायची. बारीक भोकं. "ओतलेला. नकली."

"न्हाई," हे म्हणायचे आणि मान वरखाली हलवायचे. हसायचेसुद्धा. तेवढी दोन-तीन मिनिटं ते माझे गुरुजी असायचे. मग पुन्हा काहीतरी बिनसायचं, चिवडाचिवड सुरू व्हायची, एखादा बिल्ला मशीनवर येऊन आपटायचा आणि मी तो परत ठेवायची.

फाल्गुनात वही संपत आली. प्रत्येक पानाला त्याचा बिल्ला मिळाला होता. म्हणजे हरवलं काहीच नव्हतं. मी वही मिटली आणि सतरंजीकडं बघितलं. तिथं एक गोल, पिवळट बिल्ला उरला होता. पुढं कल्लेवाला. मागं एक पाटी, तिच्या बाजूनं पानांच्या डहाळ्या, आणि पाटीवर दोन शब्द.

मी वही दोनदा चाळली. ह्याचं पान नव्हतं.

आणि मग मला कळलं, की रोज मशीनवर येऊन आपटणारा बिल्ला हाच होता. दरवेळी हाच. मी कधी नीट बघितलंच नव्हतं. पडला की उचलायचा आणि डब्यात टाकायचा. तीन महिने ह्यांनी तो डब्यातून बाहेर काढला होता, आणि तीन महिने मी आत टाकला होता.

"हा आपला नाही," मी म्हणाले. "हा दुसऱ्याचा हाय. होय ना?"

हे माझ्याकडं बघत राहिले. ओठ हलत होते. "न्हाई," म्हणाले, अगदी हळू, आणि खाली बसले. मशीनच्या लाकडाला डोकं टेकवलं. 

आता तो कुणाचा, हे शोधायचं होतं. काळ्या लोकरीची दोरी मला आठवली. टोपलीतल्या चिंध्या मी संक्रांतीलाच जाळल्या होत्या. पण अशी दोरी कुठल्या घरात वळतात, ते आमच्या भागात कुणालाही कळतं. मेंढरंवाल्यांचा बिल्ला होता तो. मग दुकानातली दुरुस्तीची बरणी उपडी केली. तुटक्या कड्या आणि पिना यांच्यात एक चकचकीत नवा बिल्ला निघाला. 'पशुप्रदर्शन, मेंढा, प्रथम क्रमांक'. आमच्याच दुकानातला माल. कडी नव्यानं डाग देऊन बसवलेली.

शेजारी सायकलदुरुस्तीवाला आहे. त्याला विचारलं. तो म्हणाला, "अहो भाभी, ती मेंढरंवाली बाई ना? लई उंच. दोनदा येऊन गेली. तुमी तवा नगरला होता. मला म्हणाली, माझा बिल्ला द्या. मी म्हणलं, माझ्याकडं पंक्चरचं सामान हाय, बिल्ला कुठून देऊ?"

"मला का नाही सांगितलं?"

"तुमच्यामागं काय कमी होतं का?" तो म्हणाला. मग आठवून म्हणाला, "गंगथडीला उतरलेत ते लोक. उन्हाळा तिकडंच काढतेत."

गोदावरीला आमच्याकडं गंगा म्हणतात, आणि तिच्या काठच्या गावांना गंगथडी. पीक निघालं की तिथले शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं. माझं उमापूर त्याच अंगाला. मी भावाला फोन लावला. त्यानं दोन दिवस चौकशी केली आणि सांगितलं, "आक्का, पहिल्या नंबरचा मेंढा असलेली बाई सापडली. आपल्यापासून दोन गावं पुढं हाय. दाजींना घेऊन ये."

त्या दोन दिवसांत मी फीत केली. दुसऱ्याचा बिल्ला नुसता कसा न्यायचा? पण रंगावर अडलं. वहीत एका कोपऱ्यात लिहिलेलं होतं, की कल्लेवाल्याच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा असा बिल्ला सैनिकांनाही दिला आणि मुलकी नोकरांनाही. बिल्ला एकच, फितीवरून ओळखायचं कुणाचा ते. मी ह्यांच्यापुढं सैनिकांची तांबडी पट्टी धरली, मग नोकरांची तांबडी-पांढरी. दोन्हींना न्हाई. शेवटी तांबडी घेतली आणि त्रिकोण शिवला.

गेवराईपर्यंत एसटीनं गेलो. हे तीनदा जागेवरून उठले. कंडक्टर ओरडला, मी हात जोडले. पुढं भावाची गाडी होती. उसाचं रान निघालेलं, वाळकं पाचट, आणि त्यात मेंढरं. त्यांच्याभोवती वाघरीचं जाळं, दोन घोडी, तीन दगडांची चूल, आणि चुलीपाशी ती बाई. खरंच उंच होती. ह्यांना बघितल्याबरोबर उभी राहिली.

"आले का?" ती म्हणाली. "चार महिन्यांनी?"

हे पुढं झाले. डाव्या हातानं बिल्ला पुढं केला. तिनं घेतला नाही.

"कावून ठिवून घेतला माझा बिल्ला? मी मेंढ्याच्या बिल्ल्याची कडी लावायला आलते. माझ्या गळ्यातला बघितला आन् म्हणलात, दोन दिवस द्या, बघून देतो. मी इस्वासानं काढून दिला. दोनदा आले तर कुलूप. इकायला काढलाता ना?"

"न्हाई," हे म्हणाले.

"माघारी देणार होतात का मग?"

"न्हाई!" हे म्हणाले, आणि स्वतःचाच शब्द ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "न्हाई, न्हाई, न्हाई..."

ती एक पाऊल मागं सरली. माझ्या भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मध्ये गेले. "बाई, ह्यांच्यावरून वारं गेलंय. बोलणं गेलं. हा एकच शब्द राहिलाय. होयलाही तोच आहे. तुमच्या बिल्ल्यापायी तीन महिने घर डोक्यावर घेतलं ह्यांनी. मलाच कळलं नाही. चूक माझी हाय."

ती ह्यांच्या उजव्या हाताकडं बघत होती. तो अजून थोडा आत वळलेला असतो. मग म्हणाली, "माझ्या बापाचं बी असंच झालतं. त्याच्याकडं 'चल' राहिलं होतं. निजलेला असला तरी म्हणायचा, चल." आणि तिनं हात पुढं केला.

बिल्ला घेतला. पुसला. फितीकडं बघितलं. "हे काय?"

"ह्याची अशीच असते," मी म्हणाले.

"माझी दोरी कुठाय?"

मला खरं सांगावं लागलं. कापली, आणि जाळली. "सासूनं वळलेली होती," ती म्हणाली. फार मोठ्यानं नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं.

चहा तिनं तरीही केला, मेंढीच्या दुधाचा, दाट. तो पिताना मी विचारलं, हा बिल्ला तुमच्याकडं आला कसा? ती सांगायला लागली आणि हे, जे आल्यापासून वाघरीच्या कडेकडेनं फेऱ्या मारत होते, ते थांबले आणि येऊन खाली बसले.

गोऱ्यांची पहिली मोठी लढाई चालू होती, ती म्हणाली. तेव्हा इंग्रजांनी दुसऱ्या देशांचे गोरे नगरला छावणीत कोंडून ठेवले होते. तिच्या सासऱ्याचा आजा तिकडं कळप घेऊन जायचा. छावणीला बकऱ्या द्यायचा, दूध द्यायचा. तारेपलीकडं एक गोरा होता, पोटाच्या दुखण्यानं वाळलेला. त्याला बकरीचं दूध तेवढं पचायचं. आजा रोज लोटाभर द्यायचा. एकमेकांची बोली येत नव्हती. "ह्यो म्हणायचा पी, त्यो प्यायचा." पुढं त्या सगळ्यांना कुठंतरी हलवायचं ठरलं, तेव्हा त्या माणसानं कोटाच्या आतून हा काढून तारेतून दिला. तेव्हापासून घरातल्या थोरल्या सुनेच्या गळ्यात असतो. मेंढरं घेऊन परमुलखात जायचं, तर हा असावा, असं सासू म्हणायची.

"नाव काय होतं त्याचं?" माझ्या भावानं विचारलं.

"नाव न्हाई म्हाईत," ती म्हणाली. "दूध पिताना डोळे मिटायचा म्हणं. आजा तेवढंच सांगायचा."

हे ऐकत होते. इतका वेळ हे एका जागी बसलेले मी कधी बघितले नव्हते. ऐकून झाल्यावर ह्यांनी माझ्याकडं बघून बोटानं हवेत काहीतरी लिहिल्यासारखं केलं, आणि मी म्हणाले, हो, घरी गेलं की लिहिते. त्या गोऱ्यानं तो बिल्ला सैनिक म्हणून मिळवला होता की कचेरीतला कारकून म्हणून, ते मात्र आता कुणीच सांगू शकणार नाही.

त्या बाईनं फीत सोडवून माझ्या हातात दिली, घडी न मोडता. पिशवीतून काळी लोकर काढली, टकळी फिरवली आणि बोलता बोलता वीतभर दोरी वळली. उरलेली रात्रीतून होईल म्हणाली. मी मेंढ्याचा बिल्ला पुढं केला, तर पहिल्यांदा हसली. "ह्यो त्येचा. त्येलाच घाला." मेंढ्यानं मात्र ह्यांना जवळ येऊ दिलं नाही.

ह्यांची तगमग त्या दिवशी संपली असं मी लिहिलं तर खोटं होईल. मलाही तीच आशा होती. परत येताना गेवराईच्या स्टँडवर मी पाण्याची बाटली घ्यायला दोन मिनिटं पाठ फिरवली, तर हे गायब. सगळे फलाट पालथे घातले. माणसं विचारायची, दिसायला कसे? आणि माझ्या तोंडून नीट निघेना. अखेर सापडले ते परळीच्या गाडीत, खिडकीशी बसलेले, हात मांडीवर, तिकीट काढल्यासारखे निवांत.

"अहो, ही आपली गाडी नाही. ही परळीला जाते."

"न्हाई," हे म्हणाले, आणि शेजारच्या जागेवर हात थोपटला.

मी दारात उभी राहिले. खाली भाऊ हाक मारत होता, पाटोद्याची लागलीय म्हणून. कंडक्टर म्हणाला, बाई, आत या नाहीतर उतरा. मला एकदम जाणवलं, की गेले चार महिने मी ह्यांना फक्त थांबवतेय. डबे लपवले, दार लावलं, बिल्ला परत डब्यात टाकला, जागेवर बसवलं. मी भावाला हात हलवला आणि आत जाऊन बसले.

परळीत माझी मावसबहीण असते, तिच्या दारात आम्ही न सांगता उभे राहिलो. दुसऱ्या दिवशी तिचा जावई आम्हाला धर्मापुरीचं जुनं देऊळ दाखवायला घेऊन गेला. हे भिंतीवरच्या मूर्तींपुढं उभे राहून प्रत्येकीची कोरलेली कड बोटानं चाचपत राहिले, ऊन चढेपर्यंत. निघताना देवळाबाहेर एक चणेवाला होता. त्यानं विचारलं, "खारे देऊ का साधे?"

"साधे," हे म्हणाले.

मी पिशवी खाली ठेवली. तो शब्द पुन्हा यायला पंधरा दिवस लागले, आणि त्यानंतरही रोज येतो असं नाही. आता दुकान मी चालवते. कोरायचं मशीन शिकले, माझी अक्षरं अजून वाकडी येतात. महिन्यातून एकदा दुकान बंद ठेवून आम्ही स्टँडवर जातो, आणि जी गाडी हे पसंत करतील तीत बसतो.